उन्हाचं मोल सांगणाऱ्या हॅरिएटबाई

लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकतात, त्या आजाराला आपण मुडदूस म्हणतो. त्याचं कोडं सोडवण्यात एका बाईचा मोठा वाटा होता, हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला. त्यांचं नाव डॉ. हॅरिएट चिक.

त्यांचा जन्म १८७५ चा, लंडनमधल्या लेसच्या व्यापाऱ्याच्या घरातला. भावंडं अकरा! १९०५ मध्ये त्यांनी तिथल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला, तर ‘बाई नको’ म्हणून दोघा जणांनी संचालकांना गळ घातली. तरी निवड झालीच.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहरात अन्नाचे हाल होते आणि मुडदूस घरोघरी. १९१९ मध्ये हॅरिएटबाई तिथं गेल्या, सोबत सहकारी स्त्रिया. तिथल्या बालरुग्णालयाच्या प्रमुखांना हा आजार जंतूंमुळे होतो असं वाटे. बाईंनी वाद घातला नाही, बाळांच्या आहाराची काटेकोर नोंद ठेवली. हिवाळ्यात नेहमीच्या दुधावरच्या काही बाळांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल मिळालेली बाळं ठणठणीत राहिली. उन्हाळ्यात मात्र तेल न घेणारीही निरोगी! म्हणजे तेलानं होतं ते काम ऊनही करत होतं. १९२२ पर्यंत हे पुराव्यानिशी सिद्ध झालं.

आपलं हाड म्हणजे काही निर्जीव दगड नव्हे, बरं का! जुनं झिजतं, नवं भरतं, हे जन्मभर चालू असतं. तिशीपर्यंत भर जास्त, पुढे हळूहळू झीज. पाळी गेल्यावर तर ती झपाट्यानं होते. नव्या हाडाला कॅल्शियम लागतं, आणि ते पोटातून अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवं. ते ऊन लागलं की आपल्या कातडीतच तयार होतं.

म्हणून मला वाटतं, उन्हाच्या या देशात राहूनही दिवसभर स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात असणाऱ्या आपण हे मनावर घ्यायला हवं. दूध, नाचणी, तीळ पोटात जावेत, हातापायांना रोज थोडं ऊन मिळावं. कंबर सतत दुखत असेल तर ‘वयच झालं’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हॅरिएटबाईंना १९४९ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. १९७७ मध्ये त्या गेल्या, तेव्हा वय होतं १०२!