प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज

विदर्भ ही संतांची भूमी होय. ह्या भूमीतील एका सत्पुरुषाचे चरित्र स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही अमरावती जिल्ह्यातील माधानच्या श्रीगुलाबराव महाराजांची निवड केली. आपल्या पोंभुर्णा परिसरात एखाद्या दृष्टिहीन मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की, वडीलधारी मंडळी कपाळावर हात ठेवून नशिबाकडे बोट दाखवितात. त्यांच्या कानी हे चरित्र पडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे, म्हणजे शेती करणारे. पित्याचे नाव गोंदुजी व मातोश्रींचे अलोकाबाई. बाळ अवघे नऊ महिन्यांचे असता डोळ्यांच्या विकारावर चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली. पुढे चौथ्या वर्षी आईही निवर्तली व मुलाचा सांभाळ लोणी टाकळीस आजीकडे झाला.

येथे थोडे विषयांतर करतो. अजाणपणे केलेले घरगुती उपाय आजही आपल्याकडे थांबलेले नाहीत. मुलाचे डोळे आले की कोणी झाडपाल्याचा रस पिळतो, कोणी शेजारची उरलेली बाटली आणून थेंब घालतो. हे करू नये, दवाखाना गाठावा. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते व पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी ती द्यावयाची असते. ज्या वयात महाराजांची दृष्टी गेली, त्याच वयात आज दृष्टिरक्षणाची ही मात्रा सुरू होते. माताभगिनींनी ती चुकवू नये.

महाराज ज्या काळी वाढले, त्या काळी अंधांना शिकविण्याची विद्या जगात नव्हती असे नाही. फ्रान्स देशातील लुई ब्रेल हा खोगिरे व लगाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. वडिलांच्या दुकानातील आरी लागून तिसऱ्या वर्षी तो आंधळा झाला. त्याने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बोटांनी वाचावयाची सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी शाळा काढली. तोपर्यंत महाराज एकोणीस वर्षांचे झाले होते, १८९६ साली त्यांचा विवाहही होऊन गेला होता. वऱ्हाडातील खेड्यात त्या लिपीचा वारादेखील पोहोचला नव्हता. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरावयास तर १९५१ साल उजाडावे लागले.

मग महाराज शिकले कसे? भक्तमंडळी सांगतात की, ग्रंथ हाती घेताच त्यातील मजकूर त्यांना उमगत असे. श्रद्धावंतांच्या श्रद्धेस आम्ही बाध आणू इच्छीत नाही. परंतु चमत्काराच्या कथा सांगताना एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे त्यांना वाचून दाखविणारी माणसे. महाराज लिहितावाचता येणाऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेत. एकदा ऐकलेले त्यांच्या स्मरणातून जात नसे, अशी त्यांची ख्याती होती. प्रवासात ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत, असे चरित्रकार लिहितात. जो डोळ्यांनी एक अक्षर वाचू शकत नाही, त्याने पेट्या भरभरून ग्रंथ बाळगावे, ह्याचा अर्थ वाचून दाखविणारा कोणीतरी सदैव जवळ होता. वेदान्त, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, संगीत हे तर झालेच. डार्विन व स्पेन्सर ह्या पाश्चात्त्य पंडितांच्या मतांचेही त्यांनी परीक्षण केले. बुद्धी महाराजांची खरी, पण डोळे उसने होते, आणि ते देणारे देते झाले म्हणून विद्या आली. त्या वाचकांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणास ठाऊक नाहीत, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

आमच्या नोकरीच्या काळात पटनोंदणीसाठी घरोघर फिरावे लागे. मुले किती, असे विचारले की घरधनी तीन म्हणून सांगे. चौथे ओसरीवर बसलेले असे. त्यास दिसत नाही म्हणून ते मोजणीतच धरलेले नसे. आता २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दृष्टिहीनांसाठी सरकारी नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवल्या आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो व दर तासास वीस मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढावे लागते, आणि तेथेच आपली मंडळी कंटाळतात. आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याच्या आनंदवनात अंध विद्यार्थ्यांची शाळा आहे. हातातला मोबाइलही आता मजकूर वाचून दाखवितो. मात्र कोणत्या घरी असे मूल आहे, हे मंडळास कळविल्यावाचून ह्यातले काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. प्रमाणपत्रासाठी चंद्रपूरपर्यंत सोबत जाण्यास आम्ही तयार आहोत.

महाराजांच्या साधनेविषयी विस्ताराने लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. ज्ञानेश्वर माउलींना ते पिता मानीत व स्वतःस त्यांची कन्या म्हणवीत. कृष्णाची पत्नी ह्या भावाने ते स्त्रीवेष व अलंकारही धारण करीत. त्यामुळे लोकांनी नावे ठेवली, ती त्यांनी शांतपणे सोसली. त्यांच्या ह्या मार्गास मधुराद्वैत असे नाव आहे. मराठी, हिंदी व संस्कृत ह्या भाषांत मिळून सुमारे १३० ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. महाराज सांगत आणि जवळ बसलेला शिष्य उतरून घेई, अशा रीतीने ही रचना झाली. सांगण्याचा वेग मोठा, तेव्हा उतरून घेणाऱ्याची बोटे दुखून येत असतील, असे आम्हां मास्तर मंडळींच्या मनात सहज येते.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस. पुढे शिष्य बाबाजी महाराज पंडित ह्यांनी संप्रदायाची धुरा वाहिली, आणि दुसऱ्यांच्या हातांनी उतरलेले ते ग्रंथ छापून डोळस वाचकांपर्यंत आले.