पारनेरचा मुलगा, मुळशीचा सेनापती

आज १२ नोव्हेंबर, सेनापती बापट यांची जयंती. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेरला झाला. घर गरीब, पण पोरगं हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले. तिथं इंग्रज सरकारविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढं सावरकरांची ओळख, पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकणं, १९०८ ला परत येऊन भूमिगत होणं, मग अटक आणि सुटका, हे सगळं शाळेच्या पुस्तकात थोडंफार येतं. सुटून आल्यावर पारनेरला ते पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे, हे मात्र जुन्या माणसांनाच ठाऊक.

पण त्यांना सेनापती ही पदवी मिळाली ती बॉम्बमुळं नाही. ती मिळाली शेतकऱ्यांच्या जमिनीमुळं.

पुणे जिल्ह्यात मुळशी पेट्यात मुळा आणि नीला या नद्यांचा संगम आहे. तिथं टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं. पाणी अडवायचं, घाटाखाली कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना. कोळसा जाळायचा नाही, धूर नाही. आजच्या भाषेत स्वच्छ वीज. पण तिच्यासाठी पन्नासच्या वर गावं आणि आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती.

मावळ्यांना कुणी विचारलंच नाही. कंपनीनं आधी नोटीस न देता शेतात चाचणीचे चर खणले. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली तर त्याला पिस्तूल दाखवलं गेलं. चांगल्या कामाची सुरुवात अशी झाली तर लोक बिथरणारच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाया-माणसं, पोरंसोरं घेऊन मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. जीव जाईल पण जमीन देणार नाही, अशी त्यांची शपथ होती. काही महिने काम बंद राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते आणि पुढं बापट होते.

खरी मेख पुढंच आहे. सरकारनं कंपनीची बाजू घेतली. भरपाई देऊन जमीन घ्यायची मोकळीक कंपनीला दिली. आणि इथंच फूट पडली. मुळशीच्या खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. राबणारा मावळा कूळ, नाहीतर कर्जात बुडालेला. भरपाई म्हटल्यावर कागदावरचा मालक खूश झाला. त्याचं पुण्यात घर होतं, पेट्यातली खाचरं गेली तरी त्याची चूल पेटणार होती. नांगर धरणाऱ्याचं मात्र घर, शेत, देव सगळं जाणार आणि हातात काय, तर काही नाही किंवा किरकोळ. पुण्याच्या पुढाऱ्यांतही भरपाई वाढवून घेऊन मिटवावं असं म्हणणारे होते. बापट मात्र कुळांच्या बाजूनं राहिले.

ते वारंवार तुरुंगात गेले. लोक थकत चालले. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी रुळावर दगड टाकून धरणाच्या कामावरची गाडी अडवली. हा मार्ग गांधीजींच्या अहिंसेत बसणारा नव्हता, आणि त्यानं चळवळीचं भलं झालं असंही म्हणता येत नाही. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह संपला. धरण झालं, गावं उठली, वीज मुंबईला गेली.

हे शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण आज सांगायचं कारण आहे. बापटांच्याच पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्यानं द्यायची तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर सरकारनं ठरवलाय. मुळशीपेक्षा हे कितीतरी बरं, जमीन मालकाचीच राहते. पण भाडं सातबारावरच्या नावाला मिळतं. त्याच रानात वाट्यानं राबणाऱ्याचं, गायरानात शेळ्या चारणाऱ्याचं नाव करारात कुठं येतं, हे सही करण्याआधी ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

बापट सुटल्यावरही स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा तुरुंग झाला. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात त्यांच्या हातून तिरंगा फडकला. गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते म्हातारपणी उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचं निधन झालं. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. मुळशीचं धरण आजही टाटांकडेच आहे.