यान पुर्किन्ये : शरीराच्या तोलाचा अभ्यासक

सणाच्या जत्रेतील पाळण्यातून उतरल्यावर भोवतालचे जग क्षणभर गरगर फिरताना दिसते. या साध्या अनुभवाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे यान एव्हांगेलिस्टा पुर्किन्ये यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बोहेमियातील लिबोखोविचे या गावी १७८७ साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. दहाव्या वर्षी मिकुलोव येथील पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत गायकवृंदातील मुलगा म्हणून त्यांना प्रवेश मिळाला. गरिबांच्या मुलांना शिक्षण मिळावे यासाठी संत जोसेफ कालासान्झ यांनी हा संघ स्थापन केला होता. पुढे यान त्याच संघात दाखल झाले. परंतु गुरुदीक्षेपूर्वीच, १८०७ साली, स्वतंत्रपणे ज्ञानसाधना करण्यासाठी त्यांनी संघ सोडला. १८१८ साली ते प्राग येथे वैद्यकाचे पदवीधर झाले.

महागडी उपकरणे नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचे शरीर हीच प्रयोगशाळा मानली. स्वतः गोल फिरून ते भोवळ न्याहाळीत. फिरताना डोके कोणत्या स्थितीत होते, त्यावर नंतरच्या भासाची दिशा अवलंबून असते. थांबल्यावर डोके कलते केले, तर तो भासही डोक्याबरोबर कलतो, हे त्यांनी १८२० च्या दशकात दाखवून दिले. यामागे अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

१८२३ पासून ते ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक होते. १८३५ साली पत्नीचे निधन झाले. त्या दुःखातही कार्य थांबले नाही. १८३७ साली सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना लहान मेंदूत सुरईच्या आकाराच्या मोठ्या पेशी आढळल्या. आज त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

लहान मेंदूच्या बाह्यस्तरातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश या पेशींमार्फतच जातो. डोके मागे झुकले की शरीर वेग घेत पुढे सरकले, हे अंतर्कर्णातील तोलाच्या पिशव्यांना एकट्याने ओळखता येत नाही. दोन्हींची जाणीव त्यांना सारखीच होते. नलिका डोके वळल्याची वार्ता देतात. लहान मेंदूतील काही पुर्किन्ये पेशी या दोन्ही वार्तांचा मेळ घालून झुकणे आणि सरकणे वेगळे करतात. म्हणूनच खाचखळग्यांच्या वाटेवरही आपण सहसा तोल सावरून चालतो.

भोवळ आणि त्या पेशी, दोन्ही पुर्किन्ये यांनी पाहिल्या. त्यांना जोडणारा दुवा मात्र त्यांच्या हयातीत उलगडला नाही. १८५० साली ते प्रागला परतले आणि २८ जुलै १८६९ रोजी तेथेच निवर्तले. नलिकांचे कार्य त्यानंतर काही वर्षांतच स्पष्ट झाले.

गुरुदीक्षेची वाट सोडणाऱ्या तरुणाचे पाचारण वाया गेले, असे आपल्याकडे चटकन म्हटले जाते. धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने परमेश्वराच्या निर्मितीचे वाचन आयुष्यभर निष्ठेने केले. तेही पाचारणच होते, असे आम्हांस वाटते.