इंधनाला नाव देऊन गेलेला अभियंता

डिझेल संपल्यामुळे घाटात एका बाजूला उभा राहिलेला ट्रक हे आपल्या रस्त्यांवरील नवलाचे दृश्य नाही. क्लीनर कॅन घेऊन जवळच्या पंपावर जातो, डिझेल आणून टाकीत ओततो, चालक किल्ली फिरवतो. पण इंजिन काही केल्या सुरू होत नाही. जुनी पेट्रोलची गाडी असती, तर ती थोड्याच वेळात धावू लागली असती. डिझेलच्या गाडीत मात्र टाकी भरल्यावरही एक काम उरतेच. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘एअर काढणे’ म्हणतात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचे, बुडबुड्यांचा फेस थांबून डिझेलची अखंड धार येऊ लागली की स्क्रू आवळायचा. तरीही इंजिनाने दाद दिली नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा आणि तेथूनही हवा बाहेर पडू द्यायची.

या खटाटोपाचे कारण शोधू लागले, की वाट सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरातल्या एका कारखान्यात जाऊन पोहोचते. ज्याचे आडनाव आज जगभर एका तेलाचे नाव होऊन बसले आहे, त्या रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी झुंज नेमकी याच प्रश्नाशी होती. प्रचंड दाबाने तापलेल्या हवेत इंधन नेमक्या क्षणी आणि नेमक्या मापात पोहोचवायचे कसे, हा तो प्रश्न.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे. पुस्तकबांधणीचे काम शिकलेले हे कारागीर पॅरिसला स्थायिक होऊन चामड्याच्या वस्तू तयार करीत. घरची परिस्थिती बेताचीच होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे संसाराचा मेळ बसेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे झाली. त्याला ठेवून घेणारे काका गणिताचे शिक्षक होते. त्या घरात आणि तेथील औद्योगिक शाळेत या मुलाला आपली वाट सापडली. आपण अभियंता व्हायचे, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्के केले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून रुडॉल्फ म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. शीतकरण यंत्रांचे जनक मानले जाणारे कार्ल फॉन लिंडे हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. कोळसा जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा भागच वाफेचे इंजिन कामी लावते आणि बाकीची उष्णता वाया जाते, हे लिंडे यांच्या वर्गात शिकताना डिझेल यांच्या मनाला लागले. एवढी नासाडी टाळता येणार नाही का, हा विचार विद्यार्थिदशेतच त्यांच्या मनात रुजला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. विषमज्वरामुळे त्यांची १८७९ ची अंतिम परीक्षा हुकली. मात्र जानेवारी १८८० मध्ये ती देऊन ते अत्यंत उज्ज्वल यश मिळवून बाहेर पडले.

त्यानंतरची दहा वर्षे ते पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या व्यवसायात होते. १८८३ मध्ये मार्था फ्लाश यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांना तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाची यंत्रे आणि उरलेल्या वेळात उष्णतेचे इंजिन असा त्यांचा क्रम असे. वाफेऐवजी अमोनिया वापरून त्यांनी बरेच प्रयोग केले, पण ते फळाला आले नाहीत. अखेर त्यांचे लक्ष एका साध्या वस्तुस्थितीवर स्थिरावले. हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, ते याचमुळे. हवा पुरेशी दाबली, तर तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेट घेईल, मग वेगळा विस्तव हवाच कशाला, असा त्यांचा तर्क होता.

त्या काळच्या इतर इंजिनांत इंधन आणि हवा यांचे मिश्रण एकत्रच दाबले जाई. ते जास्त दाबले तर अवेळी पेट घेई, म्हणून दाबाला मर्यादा पडे. डिझेल यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. आधी फक्त हवा दाबायची आणि दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचला की मगच इंधन आत सोडायचे. या कल्पनेसाठी त्यांनी फेब्रुवारी १८९२ मध्ये बर्लिन येथे पेटंटचा अर्ज केला आणि पुढील वर्षी त्यांना पेटंट मिळाले. १८९३ मध्येच त्यांनी आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. ते वाचून ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप ही पोलादाची बलाढ्य कंपनी त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

कागदावर सुबक दिसणारे गणित कारखान्यात मात्र सहजासहजी उतरले नाही. ठरवलेला दाब कोणत्याही धातूला पेलणारा नव्हता. तो बराच खाली आणावा लागला आणि मूळ सिद्धान्तालाही मुरड घालावी लागली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन फिरवून त्यात इंधन सोडताच जोरदार स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. हवेच्या उष्णतेने इंधन पेटते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर फिरले, तेही केवळ एक मिनिट आणि मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने.

त्या एका मिनिटापासून भरवशाच्या यंत्रापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली. खरी अडचण होती ती इंधन आत ढकलण्याची. सिलिंडरमध्ये आधीच तीसहून अधिक वातावरणांचा दाब असताना, सेकंदाच्या लहानशा अंशात, थेंबभर तेल तुषारांच्या रूपात आत सोडायचे होते. असे काम करणारा पंप त्या काळच्या कारागिरीच्या आवाक्यात नव्हता. म्हणून डिझेल यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. त्याहूनही अधिक दाबाखालची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरमधून आणायची आणि तिच्या झोताबरोबर तेल आत उडवायचे. ही युक्ती साधली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीचे हे एका सिलिंडरचे इंजिन इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करीत होते. वाफेच्या इंजिनाच्या मानाने ही झेप विलक्षण होती.

त्यानंतर यशाचा ओघ सुरू झाला. अमेरिकेचे हक्क सेंट लुइसचे बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजून घेतले. रशियात इमॅन्युएल नोबेल पुढे आले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तेथे एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकच्या प्रवासाला निघाले, तेव्हा सागरावरील वाफेच्या साम्राज्याला तडा गेल्याची चाहूल सर्वांनाच लागली.

तरीही डिझेल यांच्या मनातील इंजिन हे नव्हते. कारागिराचा मुलगा असलेल्या या माणसाला छोट्या कार्यशाळांसाठी स्वस्त शक्ती हवी होती. वाफेचे अवाढव्य इंजिन परवडते ते बड्या कारखानदारालाच, त्यामुळे विणकर, सुतार, लोहार देशोधडीला लागतात, अशी त्यांची धारणा होती. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारावर आधारलेल्या समाजरचनेचे पुस्तक लिहिले, पण ते फारसे कोणी विकत घेतले नाही. त्यांच्या इंजिनाला लागणारा तो हवेचा कॉम्प्रेसर मोठा, महाग आणि नाजूक होता. त्याच्यामुळे इंजिन जहाजात आणि वीजघरात शोभले, पण गाडीत मावेना आणि छोट्या कारागिराला परवडेना. मोटारगाडीसाठी छोटे इंजिन करण्याचे त्यांचे प्रयत्न त्यांच्या हयातीत व्यवहारात उतरले नाहीत.

दुसरीकडे त्यांचा व्यवहारही बिघडत गेला. हक्क विकून लाखो मार्क मिळाले होते, म्युनिकमध्ये आलिशान वाडा उभा राहिला होता. पण जमिनींच्या आणि तेलक्षेत्रांच्या व्यवहारांत पैसा बुडत गेला, कज्जे वाढले, प्रकृती ढासळली, असह्य डोकेदुखी मागे लागली. मूळ पेटंटातील सिद्धान्त एक आणि प्रत्यक्षातील इंजिन दुसरेच, असे म्हणत टीकाकार त्यांच्या श्रेयावरच घाव घालू लागले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या आधीच्या इंजिनाचे समर्थकही पुढे सरसावले. बाहेरून वैभव दिसत असताना आतून तिजोरी रिकामी होत होती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्प येथे ‘ड्रेस्डेन’ या बोटीवर चढले. इंग्लंडमधील कंपनीच्या कामासाठी ते लंडनला निघाले होते. सहप्रवाशांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्याला कोणाचा स्पर्शही झालेला नव्हता. त्यांची टोपी आणि नीट घडी घातलेला ओव्हरकोट मागच्या डेकच्या कठड्यापाशी सापडला. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेऊन देह पुन्हा लाटांच्या स्वाधीन केला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे धाकटा मुलगा यूजेन याने ओळखले. रोजनिशीत त्या तारखेपाशी एक फुली काढलेली होती. घातपाताच्या अनेक वदंता उठल्या, पण पुरावा कशालाच मिळाला नाही. कर्जाच्या ओझ्याने खचून त्यांनी आत्महत्या केली, असेच बहुतेक चरित्रकार मानतात. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

डिझेल यांना अखेरपर्यंत न सुटलेला प्रश्न त्यांच्या मागे सुटला. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलवर चालणारे पहिले मालट्रक रस्त्यावर आले. १९२७ मध्ये श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात डिझेल इंजेक्शन पंपाचे घाऊक उत्पादन सुरू झाले. या छोट्याशा पंपाचे दट्टे इतक्या अचूकतेने घडवलेले होते, की केवळ तेलच दाबून ते नोझलमधून तुषारांच्या रूपात सोडता येऊ लागले. अवजड कॉम्प्रेसरची गरज संपली आणि डिझेल इंजिन गाडीत मावले. १९३६ मध्ये ते मर्सिडीजच्या मोटारीतही आले.

घाटातल्या त्या ट्रकचे कोडे येथे उलगडते. डिझेल यांच्या स्वतःच्या इंजिनात हवाच तेलाला आत वाहून नेत असे. पंपाच्या इंजिनात मात्र तेलाच्या नळीत शिरलेली हवा घात करते. तेल दाबले तरी ते जवळजवळ आकसत नाही, म्हणून पंपाच्या दट्ट्याचा रेटा तत्क्षणी नोझलपर्यंत पोहोचतो. टाकी कोरडी पडली की पंप हवा ओढतो. हवा स्प्रिंगसारखी आकसते आणि सगळा रेटा तिच्यातच जिरतो. नोझल उघडायला शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो, तो तयारच होत नाही. ठिणगीचा आधार या इंजिनाला नाहीच. म्हणून टाकी भरली तरी शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ते मुके राहते.

अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत हे काम बरेचसे सोपे झाले आहे. पुरेसे डिझेल भरून किल्ली काही वेळा ‘ऑन’ करून थांबले, की अनेक गाड्यांतील टाकीतला विजेचा पंप नळ्या भरून घेतो. पण या गाड्यांत दाब हजार वातावरणांच्याही पुढे जातो. त्यामुळे जुन्या सवयीने नळ्यांचे नट सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. स्टार्टरही सलग न मारता थांबून थांबून मारावा. उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, म्हणून टाकी कोरडी न पडू देणे हेच शहाणपणाचे.

छोट्या माणसाच्या हाती शक्ती देण्याचे डिझेल यांचे स्वप्न मात्र दूरदूरच्या देशांत खरे ठरले. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि वीज पोहोचण्याआधी कित्येक विहिरींचे पाणी अशाच इंजिनांनी उपसले, पिठाच्या गिरण्या फिरवल्या. ते इंजिन सुरू करण्यापूर्वी हवा काढत बसलेल्या शेतकऱ्याला त्या जर्मन अभियंत्याचे चरित्र ठाऊक नव्हते. पण पॅरिसच्या त्या कारागिराच्या मुलाने ज्याच्यासाठी हे यंत्र योजले होते, तो माणूस हाच होता.