अनवाणी कर्णधार : डॉ. तालिमेरेन आओ

फुटबॉलचा सामना पाहणाऱ्यांचे डोळे चेंडू घेऊन पुढे धावणाऱ्या खेळाडूवर खिळलेले असतात. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी असते. गोल होऊ न देणाऱ्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. मी कॉलेजच्या संघात बचावाच्या फळीत खेळतो, म्हणूनही असेल कदाचित, पण मला या दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूंविषयी नेहमीच अधिक आपुलकी वाटत आली आहे. त्यांतही डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र मला विशेष जवळचे वाटते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते आणि त्या वेळी ते आपल्यासारखेच एका महाविद्यालयाचे विद्यार्थी होते!

त्यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. हे गाव आजच्या नागालँडमधील मोकोकचुंग जिल्ह्यात आहे. त्या काळी नागा टेकड्यांचा हा सारा मुलूख आसाममध्ये मोडत असे. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. गावात खरा फुटबॉल कुठून असणार? चिंध्यांचा चेंडू करून मुले खेळत. तालिमेरेन ऐन तारुण्यात पाऊल ठेवीत असतानाच वडील वारले. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. ज्या डोंगराळ मुलखात औषधोपचार मिळणेच दुर्लभ, तेथील बापाची ही इच्छा होती. मुलाने ती आयुष्यभर उराशी जपली.

पुढील शिक्षणासाठी ते गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात आले. तेथे महाराणा क्लबकडून खेळताना त्यांच्या खेळाला वळण लागले. १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने त्यांना आपल्या संघात घेतले.

त्या काळी मागे दोन बॅक, मधे तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी संघाची रचना असे. त्या तिघा हाफपैकी मधला, म्हणजे सेंटर हाफ, हा संघाचा कणाच. समोरच्या संघाचा हल्ला त्याने मोडून काढायचा आणि चेंडू मिळताच आपल्या फॉरवर्डना तो पुरवायचा. या जागेवर आओ नऊ वर्षे मोहन बागानसाठी खेळले आणि संघाचे कर्णधारही झाले. दिवसा शवविच्छेदन आणि रुग्णालयातील वॉर्ड, संध्याकाळी कलकत्त्याचे मैदान आणि रात्री पुन्हा पुस्तके, असा हा दुहेरी संसार. त्याची किंमतही द्यावी लागली. १९४२ साली सुरू झालेले शिक्षण १९५० साली एम. बी. बी. एस. होऊन पुरे झाले.

मधे आले १९४८ चे लंडन ऑलिंपिक. २९ जुलैच्या उद्घाटन समारंभात वेम्बली स्टेडियमवर स्वतंत्र भारताचा तिरंगा हाती घेऊन पथकाच्या अग्रभागी चालण्याचा मान आओ यांना मिळाला. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर गाठ पडली ती फ्रान्सशी. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने पहिला गोल केला, उत्तरार्धात रामन यांनी बरोबरी साधली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. सामना संपत आला असताना फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण १-२ असे हरलो. पराभव तो पराभवच. पण बूट घातलेल्या युरोपीय संघाला अनवाणी पायांनी अखेरच्या क्षणापर्यंत झुंजविणाऱ्या या संघाचे इंग्लंडमधील प्रेक्षकांनी मनापासून कौतुक केले.

लंडनच्या आर्सेनल या नामांकित व्यावसायिक क्लबने आओ यांना करार देऊ केला होता आणि त्यांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. पैसा होता, कीर्ती होती, शिवाय वयाची तिशी उलटल्यामुळे अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण शिक्षण अपुरे होते आणि वडिलांची इच्छाही. ते कलकत्त्याला परतले.

पदवी मिळाल्यावर दिब्रुगढला आणि त्यानंतर १९५३ पासून कोहिमाला त्यांनी सरकारी डॉक्टर म्हणून काम केले. नागा टेकड्यांतला तो काळ मोठ्या अशांततेचा होता. १९६३ साली नागालँड राज्य झाले. या राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालकपद त्यांनी भूषविले आणि १९७८ साली ते निवृत्त झाले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. ईशान्य भारतात त्यांच्या नावाने फुटबॉलची स्पर्धा भरविण्यात आली, पण आपल्याकडे किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

परीक्षा जवळ आली की आपण मैदानाला दोष देतो आणि सामना हरलो की अभ्यासाला. मीही हे अनेकदा केले आहे. आओ यांचे चरित्र वाचल्यापासून मात्र अशी सबब पुढे करताना जीभ अडखळते. त्यांनी खेळासाठी अभ्यास सोडला नाही आणि अभ्यासासाठी खेळही टाळला नाही. फक्त दोहोंतून एकच निवडण्याची वेळ आली, तेव्हा आपली गरज कुठे अधिक आहे, हे त्यांनी नेमके ओळखले. सेंटर हाफने आपली जागा सोडायची नसते. लंडनचे मोठे मैदान मागे ठेवून आपल्या डोंगराळ मुलखात परतलेल्या या माणसाने ती अखेरपर्यंत सोडली नाही.