दिवाणखान्यात समुद्र आणणारा फिलिप गॉस

एप्रिल संपत आला की मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, बावधन, पिरंगुट भागातली बंद घरं दुपारी चांगलीच तापतात. माणूस पंख्याखाली बसतो, माठातलं पाणी पितो. घरातल्या काचेच्या टाकीत पाळलेल्या प्रवाळांना मात्र कुठेच जाता येत नाही. पाणी तीस अंशांच्या पुढे जाऊन बरेच दिवस तिथेच राहिलं, तर प्रवाळ आपल्या शरीरातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि हळूहळू उपाशी मरतात. घरात समुद्र पाळायचा तर त्याचं पाणी जपावं लागतं, हा धडा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. तो घरोघरी पोहोचवला फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर इथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं रंगवत. घरची परिस्थिती बेताची. बालपण पूल या बंदराच्या गावी गेलं. सतराव्या वर्षी गॉस कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेले आणि तिथे कीटकांच्या अभ्यासात रमले. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अमेरिकेत अलाबामात काही महिने शाळामास्तरकी केली. १८३९ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा हाती पैसा नव्हता. होती ती टिपणं आणि चित्रं. त्यातूनच त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्यानंतर जमैकात राहून त्यांनी तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

कामाच्या ताणाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ मध्ये ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, छोटे प्रवाळ दिसत. हे जीव घरी नेले की चार दिवसांत पाणी नासायचं आणि सगळं मरायचं. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी त्याच सुमारास दाखवून दिलं होतं, की पाणवनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसला तर वनस्पती प्राणवायू पुरवतात आणि पाणी टिकतं. त्याआधी १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीहून लंडनला नेलेले प्रवाळ घरात जगवले होते. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, म्हणजे पाण्यात हवा मिसळे.

गॉस यांनी या सगळ्याला पद्धतशीर रूप दिलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं, तेव्हा त्यासाठी समुद्री जीव गोळा करून देणाऱ्यांत ते प्रमुख होते. पुढच्याच वर्षी ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे त्यांचं पुस्तक आलं आणि आज आपण वापरतो तो ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रुळला. चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून समुद्रासारखं पाणी बनवण्याची कृतीही त्यांनी दिली. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या शहरांतही टाकी ठेवणं शक्य झालं.

या छंदातली खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. वनस्पतींना प्रकाश हवा, पण कडक ऊन आलं की पाणी तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना तो सहाच्या आसपास येतो. त्याच वेळी प्राण्यांची गरज मात्र वाढलेली असते. थिनबाईंच्या घरी पाणी ओतलं जाई ते हवेसाठी, पण वाऱ्यावर ओतलेलं पाणी थोडं थंडही होतं. माठाचंही तेच तत्त्व. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यात शंभर लिटर पाणी जवळपास सहा अंशांनी थंड होऊ शकतं.

म्हणूनच आजही टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावणं हा पहिला उपाय आहे. मीठ वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे घटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्यानेच करायची. दुपारी पडदे ओढायचे, टाकीचे दिवे संध्याकाळनंतर लावायचे. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. बर्फ थेट टाकीत टाकू नये. बंद बाटलीतून, तोही बेताने वापरावा, कारण अचानक गारठाही घातक ठरतो. मुळशीत पावसाळी दमट हवेत मात्र पंख्याचा उपयोग कमी होतो. पाणी तरीही गरम राहत असेल, तर पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर लागतो.

फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी धर्म आणि भूशास्त्र यांचा मेळ घालू पाहणारं गॉस यांचं पुस्तक सपशेल पडलं. लहानग्या एडमंडला घेऊन ते डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला राहायला गेले आणि पुन्हा खडकांतल्या डबक्यांकडे वळले. ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला.

पण तोवर त्यांच्याच पुस्तकांनी वेड पसरवलं होतं. हौशी लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि डबकी ओरबाडली गेली. एडमंड यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या उजाड किनाऱ्याबद्दल लिहिलं, आणि वडिलांना याचं किती दुःख झालं तेही नोंदवलं. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांचं निधन झालं.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तापलेल्या समुद्रात तेही पांढरे पडतात, आणि तिथे पंखा लावता येत नाही. २००१ पासून खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. समुद्रातून ते काढणं गुन्हा आहे. टाकीसाठी जीव घेताना तो कुठून आला, हे विचारणं म्हणूनच पाण्याचं तापमान पाहण्याइतकं महत्त्वाचं आहे.