मोहम्मद हिदायतुल्ला

मोहम्मद हिदायतुल्ला (१७ डिसेंबर १९०५ – १८ सप्टेंबर १९९२) हे भारताचे अकरावे सरन्यायाधीश आणि सहावे उपराष्ट्रपती होते. सरन्यायाधीशपदावर येणारे ते पहिले मुस्लिम न्यायाधीश होत. वकील, अध्यापक, महाधिवक्ता, न्यायाधीश व मुख्य न्यायाधीश अशा त्यांच्या कारकिर्दीच्या सर्व पायऱ्या १९३० ते १९५६ या काळात नागपुरातच चढल्या गेल्या. जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचे ते अखेरचे मुख्य न्यायाधीश होते.

जन्म व शिक्षण

हिदायतुल्ला यांचा जन्म लखनौ येथे झाला. वडील खानबहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्ला हे उर्दूतील कवी होते. १९२२ साली रायपूरच्या शासकीय शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात दाखल झाले आणि १९२६ मध्ये सुवर्णपदक मिळवून पदवीधर झाले. पुढे ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले. १९३० साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते भारतात परतले.

नागपुरातील वकिली

१९३० च्या जुलैमध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाला स्वतंत्र उच्च न्यायालय नव्हते. ज्युडिशिअल कमिशनरचे न्यायालय हेच प्रांताचे सर्वोच्च न्यायालय होते. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. या न्यायालयाच्या पहिल्या दिवसापासूनचा काळ हिदायतुल्लांनी वकील म्हणून पाहिला. वकिलीबरोबरच नागपूरच्या विधी महाविद्यालयात ते अनेक वर्षे शिकवीत होते. पुढे नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे ते अधिष्ठाताही झाले. नगरपालिकेचे सदस्य म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले. त्यांच्या निकालपत्रांत आढळणारी मांडणीची शिस्त आणि मुद्दा विद्यार्थ्याला समजावून द्यावा तसा उलगडण्याची सवय यांचे मूळ या अध्यापनात असावे.

डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सरकारी वकील म्हणून आणि ऑगस्ट १९४३ मध्ये प्रांताचे महाधिवक्ता म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते.

न्यायाधीशपदी नेमणूक

२४ जून १९४६ रोजी हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश झाले व त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कायम झाले. वर्षभरातच फाळणी झाली. त्यांचे बंधू मोहम्मद इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्ला मात्र नागपुरातच राहिले. १९४८ साली त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी विवाह केला. ज्या काळात धर्माच्या नावाने घरे दुभंगत होती, त्या काळातील हा आंतरधर्मीय विवाह होता.

डिसेंबर १९५४ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या जागी हिदायतुल्ला आले. देशातील उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायाधीशांमध्ये ते तेव्हा सर्वांत तरुण होते.

हे पद त्यांच्याकडे दोन वर्षेही राहिले नाही, कारण न्यायालयच नागपुरातून गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले व नागपूरचे राजधानीपण संपले. पुनर्रचना कायद्यानुसार जुन्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय हेच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले गेले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नागपूरचे न्यायालय बंद झाले नाही, ते जबलपूरला गेले. त्याच्याबरोबर मुख्य न्यायाधीशही गेले. सिव्हिल लाइन्समधील १९४० साली उघडलेल्या भव्य इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला खंडपीठाचे आश्वासन दिले होते, ते पाळले गेले. परंतु स्वतःचे उच्च न्यायालय असलेल्या शहराला खंडपीठावर समाधान मानावे लागले, ही सल नागपूरच्या वकीलवर्गात दीर्घकाळ राहिली.

सर्वोच्च न्यायालयात

१ डिसेंबर १९५८ रोजी हिदायतुल्ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सज्जनसिंग खटल्यात (१९६५) संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती करता येते काय, असा प्रश्न होता. पाचपैकी दोन न्यायाधीशांनी संसदेच्या या अधिकाराविषयी शंका नोंदवली. एक हिदायतुल्ला आणि दुसरे मूळचे अमरावतीचे ज. र. मुधोळकर. दोघेही नागपूर उच्च न्यायालयातून आलेले, ही गोष्ट विदर्भाबाहेर फारशी ध्यानात घेतली जात नाही. दोनच वर्षांनी गोलकनाथ खटल्यात (१९६७) ही शंका सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने कायदा बनली. हिदायतुल्लांनी बहुमताच्या बाजूने, पण स्वतंत्र निकालपत्र लिहिले. मालमत्तेच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान देणे ही चूक होती, असेही मत त्यांनी त्यात मांडले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने गोलकनाथचा निर्णय रद्द ठरला, तरी संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहे हा विचार मूलभूत चौकटीच्या रूपाने टिकून राहिला.

नरेश श्रीधर मिरजकर खटला (१९६६) हा त्यांच्या स्वतंत्र बाण्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणता येईल. मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची जबानी वृत्तपत्रांत छापू नये असा तोंडी आदेश देण्यात आला होता. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांच्या पीठातील आठ जणांनी याचिका फेटाळल्या. एकट्या हिदायतुल्लांनी पत्रकारांच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाच्या आदेशानेही मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

यावरून त्यांना सरसकट उदारमतवादी ठरवणे मात्र बरोबर होणार नाही. लॉरेन्सच्या कादंबरीची विक्री करणाऱ्या पुस्तकविक्रेत्याची अश्लीलतेबद्दलची शिक्षा कायम करणारे निकालपत्र (१९६४) त्यांचेच आहे, आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या याचिकेवर चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवणारे निकालपत्रही (१९७०) त्यांचेच.

सरन्यायाधीश व हंगामी राष्ट्रपती

२५ फेब्रुवारी १९६८ रोजी सेवाज्येष्ठतेने ते सरन्यायाधीश झाले. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदे रिकामी झाल्यास काय, याची तरतूद मूळ घटनेत नव्हती. ती मे महिन्यातच केलेल्या कायद्याने झाली होती. त्यानुसार हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत हंगामी राष्ट्रपती होते. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या भारतभेटीत त्यांचे स्वागत हिदायतुल्लांनीच केले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर संमतीची स्वाक्षरीही त्यांचीच आहे. या कायद्याला आव्हान देणारा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा अकरा न्यायाधीशांच्या पीठावर ते बसले नाहीत.

१५ डिसेंबर १९७० रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश अवैध ठरवला. तनखे वाचले, पण पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले.

नंतरचा काळ

१९७९ साली ते बिनविरोध उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले व ऑगस्ट १९८४ पर्यंत त्या पदावर होते. या काळात ऑक्टोबर १९८२ मध्ये काही आठवडे त्यांनी पुन्हा राष्ट्रपतिपदाचा भार सांभाळला. ‘माय ओन बॉसवेल’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. ज्या रायपुरात त्यांचे शालेय शिक्षण झाले, तेथे २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.